एका कुलपात वाकोला

अखिल-भांडुप-चाळ-मंडल-मुकुटमणी, अग्निभय-निवारण-धुरंधरा, गॅस-बटण-निरीक्षण-निष्णाता, कडी-कोयंडा-कुलूप-साम्राज्याच्या अनभिषिक्त सम्राज्ञी, परगृह-किल्ली-भांडाराच्या आजन्म अधीश्वरी, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन सन्मानपूर्वक परत फिरण्याच्या विद्येतील आद्य आचार्या, प्रातःस्मरणीया आणि घराबाहेर पडताना तर विशेषच स्मरणीया,

आई,

वरचा मजकूर ऐकून तू पदराला हात पुसत बाहेर येशील आणि "मेल्या, गाळी घालतंस की काय माका?" असे विचारशील, म्हणून आधीच खुलासा करतो. शिव्या नाहीत, मानपत्र आहे. तू गेलीस तेव्हा मी शाळेत संस्कृत शिकवू लागून फार काळ झाला नव्हता. मानपत्रे लिहिण्याचा जोडधंदा त्यानंतर माझ्यामागे लागला. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या भूप्रदेशात कोणी सेवानिवृत्त झाला किंवा कोणाला साठावे लागले, की शाल कोण आणणार, नारळ कोण आणणार आणि विशेषणे कोण आणणार असे तीन प्रश्न उपस्थित होतात. त्यातला तिसरा माझ्या दारात येऊन बसतो. बँकेतल्या एका रोखपालास मी 'कुबेर-कोश-संरक्षक' म्हटले आहे आणि ज्यांच्या खुर्चीवर माझी अक्कलदाढ गेली, त्या दंतवैद्यांना 'वेदनाहरण-चक्रवर्ती'. हे सारे मी चेहऱ्यावरची रेषा न हलवता वाचतो, आणि सत्कारमूर्तींचे डोळे पाणावतात. इतक्या लोकांना इतकी विशेषणे वाटली, पण जिचा खरा अधिकार होता तिच्या वाट्याला एकही आले नाही, ही गोष्ट मला अलीकडे टोचू लागली होती. तरीही केवळ तेवढ्यासाठी लेखणी उचलली नसती. कारण याहून मोठे आहे. आई, यंदाच्या चतुर्थीला मी वाकोल्यास पोहोचलो.

भांडुपहून वाकोला म्हणजे काही काशी नव्हे, हे मी जाणतो. रिक्षाने गेले तर वाटेत एक डुलकी लागावी इतकेच अंतर. परंतु आपल्या घराण्याच्या इतिहासात हा प्रवास चतुर्थीच्या दिवशी आजवर कोणी पूर्ण केला नव्हता, आणि त्या इतिहासाची तू प्रमुख साक्षीदार आहेस. म्हणून तुझ्या स्मरणाला थोडे मागे नेतो.

आपल्या खोलीत, ओट्याच्या वर, खिळे ठोकलेली एक लाकडी फळी होती. गणपतीच्या आधी चाळ कोकणात जायची. बाबाही गिरणीतून रजा काढून गावच्या घरच्या गणपतीला जायचे. आपण दोघे मात्र भांडुपमध्येच, कारण निघण्याच्या आदल्या संध्याकाळी एकेक बाई आपल्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "वहिनी, किल्ली ठेवता ना? गॅस बंद केलाय, पण तुम्ही एकदा बघा. तुम्ही असलात की आम्हाला घोर नाही." तू मान हलवायचीस आणि किल्ली खिळ्यावर जायची. फळी भरून जाई. बाबा जाताना मोठ्या अभिमानाने सांगत, "हिच्यामुळे चाळ शाबूत आहे." आणि मग ती चाळ शाबूत ठेवायला तू निघायचीस. एकेक दार उघडायचे, आत जायचे, सिलिंडरच्या गळ्याशी हात न्यायचा, बटण डावीकडे, बटण उजवीकडे, बाहेर यायचे, कुलूप लावायचे, ओढायचे, दोन दारे पुढे जायचे, थांबायचे, मागे यायचे. मला वाटायचे, माझी आई गस्त घालते. चाळीला वाटायचे, ही किती जबाबदार बाई आहे. त्या जबाबदारीच्या मागे काय चालले होते, हे विचारण्याची बुद्धी त्या सबंध चाळीत कोणालाच झाली नाही. जे दुखणे होते त्याचा आम्ही सगळ्यांनी मिळून सत्कार केला, आणि सत्काराची वस्तू म्हणून आपापल्या किल्ल्या दिल्या.

मामाच्या घरी वाकोल्याला गणपती असे. दर वर्षी चतुर्थीला तू अंजिरी रंगाची साडी नेसायचीस, केसांत अबोलीचा गजरा माळायचीस आणि मला नवा शर्ट घालायचीस. आपण निघायचो. गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी होती. तिथे पोहोचलो की तुझी पावले मंदावत. आत्ताही मला तू दिसतेस. गिरणीच्या पांढऱ्या पायरीशी उभी आहेस, एका हातात माझे बोट, दुसऱ्या हातात नारळाची पिशवी, आणि नजर कुठेच नाही.

"झिला, गॅस बंद आसा मां?"

"हो गे आई. तूच बंद केलास."

"जा, बगून ये एकदा."

मी धावत जातो, बघतो, धावत येतो. "बंद आहे." तू मान हलवतेस, पाऊल उचलतेस, ठेवतेस. "नीट बगितलंस? की असाच इलंस?" मग तू स्वतः जातेस. मी पायरीवर बसून राहतो. गिरणीवाला पीठ झाडत हसतो, "काय रे, आईची फेरी झाली नाही वाटतं अजून?" तू येतेस, पुन्हा जातेस. गजरा हळूहळू मान टाकू लागतो. आणि मग एका क्षणी, कोणी काही न बोलता, आपण दोघेही घरी परततो. तू साडी बदलतेस आणि आमटीला फोडणी देतेस. दुसऱ्या दिवशी मामा येतो. त्याच्या हातात मामीने भरलेला पितळी डबा असतो, मोदकांचा. "ताई, तू येणार नाहीस हे माहीत होतं," असे म्हणून तो हसतो आणि तूही हसतेस. माझ्या लहानपणी वाकोल्याचा गणपती म्हणजे तो डबा. त्या घरची मूर्ती कशी असते, हे मी कधी पाहिलेच नव्हते.

आता वारशाचे प्रकरण. बाबांकडून मला रुंद कपाळ मिळाले आणि तुझ्याकडून हे. चाळ पडली, तिच्या जागी इमारत उभी राहिली, आणि सोसायटीच्या पहिल्याच सभेत सचिवपदासाठी माझे नाव एकमुखाने पुकारण्यात आले. सूचक म्हणाले, "यांच्या आईकडे आपल्या सगळ्यांच्या किल्ल्या असायच्या." अनुमोदक म्हणाले, "हे स्वतः पण फार काटेकोर आहेत. रात्री पंपाचं बटण खाली येऊन बघतात." टाळ्या पडल्या. सचिव महाशय खाली येऊन किती वेळा बघतात आणि वर गेल्यावर अंथरुणात कसे ताठ पडून राहतात, याची इतिवृत्तात नोंद नाही. किल्ल्या माझ्याकडे येऊ लागल्या. तुझी फळी मी जपून ठेवली होती. ती भिंतीवर चढली आणि चतुर्थीपूर्वी पूर्ववत भरू लागली. तुझी सून चपला घालून जिन्यात उभी राहण्यात पारंगत झाली. तुझी नात, जिला तू पाहिले नाहीस, ती जिन्यात उभ्याउभ्या अभ्यास करायची.

बाहेरून हे विनोदी दिसते आणि मी ते विनोदी करूनच सांगत आलो आहे, कारण माझा व्यवसायच अलंकार चढवण्याचा आहे. आतून ते कसे असते हे तुला सांगण्याची गरज नाही, पण तुला कोणी विचारले नाही म्हणून माझ्या तोंडून ऐक. बटण बंद आहे हे डोळ्यांना दिसते. हाताला कळते. तरीही आत कोणीतरी म्हणते, 'आणि नसेल तर?' पाठोपाठ सारे चित्र येते: आगीचा लोळ, खालच्या मजल्यावरचे तान्हे मूल, आणि त्या सगळ्याचा एकमेव अपराधी मी. माणूस पुन्हा बघतो ते गॅससाठी नव्हे, तो आवाज बंद व्हावा म्हणून. आवाज बंद होतोही, दार ओलांडेपर्यंत.

कडेलोट झाला तो आमच्या मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात. मानपत्र माझ्या खिशात, समारंभ मुलुंडला, आणि मी आमच्या इमारतीच्या जिन्यात, वर आणि खाली. फोन वाजत होता. अखेर तिकडे समारंभ मानपत्राविनाच उरकला. ज्या गृहस्थांनी आयुष्य शाळेला वाहिले, त्यांना नुसता नारळ देऊन घरी पाठवण्यात आले. मी जिन्यातच बसलो. तुझी नात कॉलेजातून आली, माझ्याशेजारी पायरीवर बसली आणि माझ्या खिशातला कागद काढून तिने तो मोठ्याने वाचला, सगळाच्या सगळा, 'ज्ञानदीप-प्रज्वालक' वगैरे. मग म्हणाली, "बाबा, झकास लिहिलंयस. पण हे आता बास. आपण कोणालातरी दाखवूया." मी म्हणालो, "कन्ये, हा स्वभाव आहे. कुलपरंपरा आहे." ती म्हणाली, "परंपरा नाही बाबा, आजार आहे. आणि त्याच्यावर उपाय आहे. मी वाचलंय. तुझी वाट लागलीये, आणि आईची पण."

मुलुंडला ज्या मानसतज्ज्ञ बाईंकडे गेलो, त्या वयाने माझ्या माजी विद्यार्थिनी शोभतील अशा. मी खुर्चीत स्थिरावून माझ्या व्याधीचे स्वतःच केलेले नामकरण सादर केले: 'पुनरवलोकन-व्यसन-ज्वर'. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. "छान आहे सर. आम्ही ओसीडी म्हणतो. जुन्या लोकांचा शब्द मंत्रचळ." उपचाराचे नाव मात्र माझ्या तोलाचे निघाले: बोधनिक वर्तनोपचार. हे नाव ऐकताच माझी अशी अपेक्षा झाली की आता बोध होईल. बाई मला सप्रमाण पटवून देतील की बटण बंद असते, स्फोट होत नसतो, आणि मी निःशंक होऊन घरी जाईन. मी विचारलेही, "म्हणजे आत्ता, या क्षणी, माझ्या घरचा गॅस बंद असेल ना?"

"माहीत नाही सर," बाई म्हणाल्या. "असेल चालू."

आई, मी पैसे देऊन हे ऐकायला गेलो होतो.

"तुम्हाला गंमत वाटते का?" मी म्हणालो.

"नाही. पण मी 'बंद आहे' म्हटलं तर तुम्हाला किती वेळ बरं वाटेल? लिफ्टपर्यंत?" त्या पुढे म्हणाल्या, "विचार येणं तुमच्या हातात नाही सर. परत जाणं आहे. प्रत्येक वेळी परत जाता तेव्हा त्या विचाराला तुम्ही सांगता, तू खरा होतास, बरं झालं आलास. तो पुन्हा येणारच. आपण त्याच्याशी वाद घालणार नाही. तो येऊ दे, भीती वाटू दे, आणि तुम्ही परत जायचं नाही. भीती चढेल. मग काय होतं ते बघू." मी विचारले, "काय होतं?" त्या म्हणाल्या, "ते तुम्हीच येऊन सांगा."

त्या पद्धतीत पायऱ्या असतात. सोप्यापासून सुरुवात. प्रथम नळ, मग दिवे, मग पंपाचे बटण, मग स्वतःचे दार, आणि सर्वांत वर गॅस. त्यांनी विचारले, "सगळ्यात वरच्या पायरीवर काय ठेवायचं? असं काहीतरी, जे जमलं तर तुम्हाला स्वतःचा अभिमान वाटेल." माझ्या तोंडून काही न ठरवता निघाले, "चतुर्थीला वाकोला." मग डब्याची हकिकत सांगावी लागली. सांगून झाल्यावर मी म्हणालो, "म्हणजे माझ्या आईलाही हेच होते, नाही का?" त्या म्हणाल्या, "ज्यांना मी भेटले नाही त्यांचं निदान मी नाही करत सर. पण त्या किती दमत असतील, ते सांगू शकते." त्या दिवशी घरी येताना मी एकही समास केला नाही.

खरा कठीण भाग माझा नव्हता, घरच्यांचा होता. त्यांना आदेश होता की उत्तर द्यायचे नाही. विवाहानंतरची सगळी वर्षे जिने "हो, बंद आहे" हे वाक्य जपासारखे म्हटले, तिला ते एकदम सोडायचे होते. पहिल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन सहज म्हटल्यासारखे म्हटले, "अगं, तो गॅस..."

"मला नाही विचारायचं," ती कांदा चिरत म्हणाली.

"मी विचारत नाहीये. मी केवळ विषय काढतोय."

"विषय पण नाही काढायचा."

"मान हलवलीस तरी चालेल."

"अहो, मान हलवायला पण बंदी आहे. जा ना, टीव्ही बघा!" तिचे डोळे भरून आले होते. मी कांद्याकडे बोट दाखवले आणि तीही कांद्याकडेच बोट दाखवून हसली. आतून नात ओरडली, "बाबा, चीटिंग नको यार!" मी जाऊन बसलो. भीती चढली. अंगातून घाम, छातीत ढोल, सारी सेना. मी बसून राहिलो. आणि मग, आई, एक अशी गोष्ट घडली जी मी आयुष्यात कधी घडू दिली नव्हती: ती आपोआप उतरली. मी काही केले नाही. कोणी मला काही सांगितले नाही. चढलेली भरती जशी कोणाच्या परवानगीशिवाय ओसरते, तशी ती ओसरली, आणि गॅस बंद होता की चालू हे मला अद्याप माहीत नव्हते. तुला मी एवढेच सांगण्यासाठी परत आणले असते, जर आणता आले असते: ती उतरते. परत गेलो नाही तरी उतरते. आपल्याला वाटायचे की परत गेल्यामुळे उतरते.

हे जादूसारखे झाले असे समजू नकोस. काही दिवस मी सपशेल हरलो. मधे काही महिने डॉक्टरांच्या गोळ्याही घेतल्या, आणि त्याची मला लाज नाही. बाईंनी स्पष्ट सांगितले होते की हा उपचार पुष्कळ लोकांना उपयोगी पडतो, सगळ्यांना सारखा नाही, आणि जो मनापासून अस्वस्थ व्हायला तयार होतो त्याला जास्त. अस्वस्थ होण्याची माझी तयारी घराण्यातच होती. पायऱ्या चढत गेलो. नळ सुटला, दिवे सुटले. पंपाचे बटण वॉचमनकडे सोपवले.

मग फळीची पाळी आली. श्रावण संपत आला आणि दाराची घंटा वाजू लागली. या खेपेला मी सगळ्यांना किल्ल्या हातात परत दिल्या आणि अतिशय सुसंस्कृत भाषेत सांगितले की उक्त सेवा बंद करण्यात आली आहे. तळमजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "काय सेक्रेटरी, आमच्यावर रागावलात काय?" दुसऱ्या मजल्यावरची काकी, तुझ्या वेळची, तुझ्याच गावाकडची, आता काठी घेऊन चालणारी, किल्ली मुठीत धरून बराच वेळ दारात उभी राहिली. "तुझ्या आवशीन कधी नाय म्हणूक नाय हो," ती म्हणाली.

मी अनेक उत्तरे तयार ठेवली होती, सगळी संस्कृतप्रचुर. तोंडातून आले ते तुझ्या भाषेत. "तिका कोणी इचारूकच नाय, काकी."

 मग किल्ली तिने कमरेला खोचली. "खरां," ती म्हणाली. "कोणीच इचारूक नाय." आणि काठी टेकत वर गेली. फळी यंदा रिकामी राहिली. भिंतीवर अजून आहे. तिच्यावर हल्ली तुझी नात कानातले डूल अडकवते.

चतुर्थीचा दिवस. इमारत नवी असली तरी गल्ली तीच आहे, पिठाच्या गिरणीच्या जागी मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे, पायरी मात्र जुनीच. तुझी सून अंजिरी साडी नेसली होती. तुझी नव्हे, पण मुद्दाम त्याच रंगाची घेतलेली. मी ओट्याशी गेलो, बटण बंद केले, एकदा. दाराला कुलूप लावले, एकदा. ओढून पाहिले नाही. बाईंचा आदेश असा होता की मनातल्या मनातसुद्धा 'लागले' असे म्हणायचे नाही, आणि मी म्हटले नाही. रिक्षात बसलो. पायरीपाशी आलो तेव्हा मला वाटले होते तसेच झाले. आवाज आला, आणि आई, तो तुझा होता. "झिला, बंद आसा मां?" मी त्याला उत्तर दिले नाही. तुला उत्तर न देण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. पायरी मागे गेली.

पण शत्रू दमदार होता. कांजूरमार्ग गेले, विक्रोळी गेली, घाटकोपर गेले आणि भीती उतरायची ती चढतच होती. मी रिक्षाची आडवी दांडी अशी धरली होती की चालकाला आरशातून माझा चेहरा दिसला. कुर्ल्यात पुलाचा चढ येतो तिथे त्याने वेग कमी केला.

"काका, काय विसरलात काय घरी?" तो म्हणाला. "असेल तर आत्ताच सांगा. एकदा पुलावर चढलो ना, की मग मधे वळायला जागा नाही. सरळ पलीकडे."

तुझी सून बाहेर बघत होती. तिने मान इतकी वळवली होती की मला फक्त गजरा दिसत होता. नातीने दोन्ही हातांनी तोंड झाकले होते. त्या दोघींपैकी एकीने जरी "चला" म्हटले असते, तरी तो त्यांचा निर्णय झाला असता, आणि ते त्यांना माहीत होते. मागे हॉर्न वाजत होते.

"बहुधा गॅस चालू राहिला असेल," मी म्हणालो. "चढा."

"काय?" चालक दचकला.

"चढा हो! घर जळलं तर जळलं, चढा!"

आणि तो चढला, काहीसा घाईने. पुलावर वारा होता. खाली कुर्ल्याची पत्र्याची छपरे, घराघरांतून आरत्यांचे आवाज, आणि मध्ये वळायला जागा नाही. पुलाच्या मध्यावर कुठेतरी माझी मूठ सुटली. मी सोडली नाही, सुटली. नात रिक्षाबाहेर तोंड काढून रडत होती की हसत होती, ते मला ठरवता आले नाही. तिची आई अजूनही बाहेरच बघत होती, पण तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता. वाकोल्याला उतरताना चालकाने पैसे घेतले आणि म्हणाला, "काका, एकदा घरी फोन करून बघा हां." मी म्हणालो, "घरी कोणी नाही." तो माझ्याकडे अशा नजरेने पाहत गेला, की मानपत्र लिहायचे तर मी त्याला 'परचिंता-पीडित' म्हटले असते.

मामा गेल्याला पुष्कळ वर्षे झाली; डबा मात्र दर वर्षी कोणी ना कोणी पोहोचवत आला. मामी दारातच भेटली. वाकलेली, पण आवाज तसाच. तिने मला ओळखायला वेळ घेतला आणि ओळखल्यावर दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगो बाई! भांडुपचे लोक वाकोल्याला पोचले!" आत सगळ्यांना ओरडून सांगितले, जणू आम्ही समुद्र ओलांडून आलो होतो. मूर्ती मी प्रथमच पाहिली. छोटी आहे, आई. शाडूची. डोळे फार छान. आरती झाली, मी टाळ वाजवला आणि सगळ्यांच्या पुढे एक ठेका चुकलो.

मग मामी स्वयंपाकघरातून आली. तिच्या हातात पितळी डबा होता, झाकणाला फडके बांधलेला. ती माझ्याजवळ येऊन थांबली, डब्याकडे बघत. "सकाळी उठून भरला," ती म्हणाली. "दर वर्षी भरते ना. हात आपोआप भरतो. आता तुम्ही इथेच आलात, तर ह्याचं काय करू मी?"

मी तिथेच जमिनीवर बसलो, फडके सोडले आणि त्या डब्यातले मोदक तिथेच, वाकोल्याला, खाल्ले. त्यांची चव भांडुपमध्ये लागायची तीच होती. मामी बाजूला बसून तूप वाढत होती आणि एकदाच म्हणाली, "ताईला पण यायचं असायचं रे. साडी नेसायची ना? तुझा मामा सांगायचा."

तर असा हा प्रवास. माझ्या नावापुढे मी आजवर कधी विशेषण लावले नाही. ते दुसऱ्यांनी लावायचे असते. या एका प्रकरणात मात्र मी प्रघात मोडून जाहीर करतो की मला माझा अभिमान वाटतो, आणि तुझा त्याहून अधिक. मला शिकवणारी बाई होती, गप्प राहणाऱ्या दोघी होत्या, नाव होते, पायऱ्या होत्या. तुला यातले काहीच नव्हते. तो आवाज कानात घेऊन तू आमटीला फोडणी देत राहिलीस, माझा शर्ट इस्त्री करत राहिलीस, सगळ्या चाळीची काळजी एकटीने वाहिलीस, आणि दर वर्षी, नक्की परत यायचे हे ठाऊक असून, गजरा माळून निघत राहिलीस. परत यायचीस, ते सर्वांनी पाहिले. निघायचीस, ते मी आता मोजतो आहे. म्हणून वरची सगळी विशेषणे तुझी. मी त्यांतले एकही काढणार नाही.

हे पत्र टाकणार नाही. टाकायचे तर पाकीट चिकटवावे लागेल, आणि पाकीट नीट चिकटले की नाही, हा एक नवा प्रांत माझ्यासाठी उघडेल. एक गोष्ट बाईंना सांगितलेली नाही, तुला सांगतो. त्या दिवशी वाकोल्याहून परतल्यावर, किल्ली लावण्याआधी, मी दाराच्या फटीला नाक लावले. फक्त कढीपत्त्याचा वास आला.

बाकी सर्व क्षेम आहे, एक बाब वगळता. पावसाने दाराची चौकट फुगली आहे आणि लॅच आता एका ओढीत खरोखरच बसत नाही. माझ्या मनाचा खेळ नाही; तुझ्या सुनेने पाहिले, नातीने पाहिले, काकीने काठीने ठोकून पाहिले. दार दोनदा ओढावे लागते. मला तर एकदाच ओढण्याची आज्ञा आहे. बाई फोनवर हसल्या आणि म्हणाल्या, "सर, सुतार बोलवा." सुतार म्हणतो चौकट सोसायटीची, सोसायटी म्हणते दार सभासदाचे, आणि सोसायटीचा सचिव मी आहे. सुतार गुरुवारी येतो म्हणाला होता. आजही आलेला नाही.